कूलरच्या फटीतले दगड

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. मी एकदा एका चित्राने कूलरची फट बुजवली होती.

चित्र म्हणजे कॅलेंडरचं पान नव्हे. हार्डबोर्डवर हाताने रंगवलेलं, कुणीतरी महिनाभर खपून केलेलं, आणि मला संक्रांतीचं वाण म्हणून मिळालेलं चित्र. हैदराबादेतल्या आमच्या चिक्कडपल्लीच्या घराची गल्लीकडची खिडकी रुंद आणि कूलर अरुंद. दर उन्हाळ्यात बाजूला हातभर फट राहायची आणि थंड हवेपेक्षा गल्लीतली धूळच जास्त आत यायची. पुठ्ठा लावावा तर चार दिवसांत तो ओला होऊन मान टाकायचा. त्या वर्षी मी कपाटामागून ते चित्र काढलं, फटीला लावून पाहिलं आणि हर्षाने ओरडले, "अहो, या इकडे! अगदी मापात!"

खालचा एक कोपरा तेवढा पाण्याच्या पाइपाला आडवा येत होता. आमच्या ह्यांनी करवत आणली आणि तिथे अर्धा चंद्र कापून काढला. आणि रंगवलेली बाजू कुठे, म्हणाल तर बाहेर, गल्लीकडे. चित्र होतं नुसत्या एका दगडाचं; घरात चार पाहुणे येतात, त्यांना काय दगड दाखवायचे? आतून कोरी तपकिरी बाजू कशी सोज्वळ दिसत होती!

आणि मी काही तेव्हा लहान नव्हते. पन्नाशी ओलांडलेली, सरकारी नोकरीतली, दोन मुलांची आई, आणि "मालतीबाईंना विचारा, त्यांना सगळं कळतं" अशी गल्लीत ख्याती असलेली बाई होते मी. ती बाई आज मला कोठीच्या बाजारात भेटली तर मी ओळखसुद्धा दाखवणार नाही. रस्ता ओलांडून पलीकडे जाईन.

चित्र कुमुदताईचं होतं. कुमुद बिरादार. दर उन्हाळ्यात कूलर खिडकीत चढला की मला तिची आठवण येते, आणि हसू येतं, आणि मग उगीचच अंगात वारं भरल्यासारखं होतं, काहीतरी करून टाकावंसं वाटतं. औंदा मी ठरवलं, तेच करावं. तिच्यावर लिहावं.

कोठीजवळच्या एका सरकारी कचेरीत आम्ही दोघी नकाशा विभागात होतो. ती ट्रेसर. म्हणजे इंजिनिअर साहेबांनी पेन्सिलने काढलेल्या कालव्यावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तीच रेघ शाईने पुन्हा काढायची. मी शेजारच्या टेबलावर टायपिस्ट. दोघीही दुसऱ्यांचंच उतरवून काढणाऱ्या. फरक एवढाच की मला त्याचं काही वाटत नव्हतं.

तिचं टेबल काचेचं होतं आणि काचेखाली दिवे होते, नकाशा उजेडात दिसावा म्हणून. दिव्यांनी काच तापायची. कुमुदताईने पहिल्याच वर्षी त्या काचेचा खरा उपयोग शोधून काढला. साडेबारा वाजले की ती कालवा बाजूला सरकवायची आणि सगळ्यांचे डबे ओळीने काचेवर मांडायची. एक वाजता नकाशा विभागात शेवग्याच्या आमटीचा वास सुटायचा. एकदा मोठे साहेब अचानक आले. आम्ही सगळे गार पडलो. कुमुदताई शांतपणे म्हणाली, "सर, तुमचा पण ठेवू?" दुसऱ्या दिवसापासून साहेबांचा डबा मधोमध, सगळ्यात गरम दिव्यावर.

उदगीरकडच्या शेतकरी घरातली ती. बोलणं तिथलंच, वर हैदराबादची फोडणी. "काय करायलीस?", "हौ", "नक्को", सगळं एकाच वाक्यात नांदायचं. चालताना एकदम थांबायची सवय. सुलतान बाजाराच्या भर गर्दीत, मागून ऑटोवाले कोकलताहेत, आणि ही बाई बांगडीवाल्याच्या दुकानासमोर उभी राहून हवेत बोट फिरवतेय! "अगं, चल ना!" म्हटलं तर म्हणायची, "थांब की. त्याच्या मानेची रेघ बघायले." सिटी बसमध्ये कंडक्टरचं नाक, देवळात पुजाऱ्याचं पोट, काही सुटायचं नाही. लोक डोळ्यांनी बघतात, ही बोटाने बघायची.

आणि तिचं ब्लेड. शाईची रेघ चुकली की ट्रेसर लोक ती अर्ध्या ब्लेडने हलकेच खरवडून काढत, वरून नखाने घासत, की कागद पुन्हा गुळगुळीत. कुमुदताईच्या पर्समध्ये कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड कायम असायचं. त्याच्याबरोबर एक वाक्यही असायचं. माझी भाजी करपली, की "खरवडता येतं गं." माझं आणि ह्यांचं वाजलं, की "खरवडता येतं." साहेबांनी मेमो दिला, की तेच. मला वाटायचं, या बाईला जगात पुसून न टाकता येण्यासारखं काही दिसतच नाही की काय!

पुढे कॉम्प्युटर आले. नकाशे यंत्रातून छापून यायला लागले. ट्रेसरला काम उरलं नाही, पगार मात्र राहिला. कामाशिवाय पगार! आमच्या खात्यात याला मोक्ष म्हणत. लोक तिच्याकडे हेव्याने बघायचे. ती मात्र सुकायला लागली. एकदा डबे मांडता मांडता म्हणाली, "मालू, सरकारने मला डबे गरम करायला ठेवलंय. पदाचं नाव तेवढं बदलायचं राहिलंय."

मग एका दुपारी, तोंडात घास असताना, तिने बॉम्ब टाकला.

"वर्षभर बिनपगारी रजा टाकायले मी."

"का गं? तब्येत?"

"तब्येत फस्क्लास. दगड काढायचेत."

"मूतखडा?" मी कळवळून विचारलं.

इतकी हसली की उचकी लागली. मग सांगितलं. हैदराबादच्या अवतीभोवती जे दगड आहेत ना, एकावर एक रचल्यासारखे, आत्ता पडेल की मग पडेल असे वर्षानुवर्षं उभे, त्यांची चित्रं काढायची होती तिला. रोज कुठे ना कुठे सुरुंग लागतोय, फ्लॅट उभे राहताहेत, दगड चाललेत. "ते जायच्या आधी त्यांना बघून घेते," ती म्हणाली. जसं काही गावाला निघालेल्या मावशीला भेटून घेते!

त्या दुपारी मी तिला जे व्याख्यान दिलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. पूर्ण पेन्शन, ग्रॅच्युइटी, दवाखान्याचं कार्ड, शेजारीपाजारी, "या वयात", "लोक काय म्हणतील", काही म्हणून सोडलं नाही. वर मी असंही म्हणाले, "छंद म्हणून कर ना, रविवारी!" तिचं बोट टेबलाच्या काचेवर फिरत होतं. शेवटी म्हणाली, "मालू, बोलताना तुझ्या हनुवटीखाली किती छान वळी पडते. हलू नको."

पण ती काही उधळायला निघालेली बाई नव्हती. तिने स्वतःलाच अट घालून घेतली होती. रजा संपेपर्यंत एका तरी परक्या माणसाने आपणहून यायचं आणि म्हणायचं, मला हे चित्र पाहिजे. नात्यातला नको, ऑफिसातला नको, आणि "तुझ्यासारखी कीव आलेली तर मुळीच नको." असा माणूस आला तर राजीनामा. नाही आला तर जूनमध्ये परत कामावर. "मग निवृत्तीपर्यंत डबे गरम करीन, आणि दगडाचं नाव काढणार नाही. कबूल."

"आणि बिरादार सर काय म्हणतात?" तिचे यजमान शाळेत गणित शिकवायचे.

"ते म्हणतात, मी हो म्हणणार नाही आणि नाही म्हणणार नाही. काही केलं तरी माझ्याच नावाने खडे फोडशील."

तर अशी ती रजेवर गेली. आणि मी, जिने एवढं व्याख्यान दिलं, ती मी दर रविवारी तिच्यामागे पाण्याची बाटली धरून हिंडायला लागले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. ह्यांना सांगायचे, "एकट्या बाईला कसं जाऊ द्यायचं?" खरं तर घरी रविवारी जी मालती असायची तिचा मलाच कंटाळा आला होता.

शहर संपतं असं वाटावं तिथे ऑटोने जायचं. पोचलो की ती आधी दगडाभोवती फेरी मारायची, देवळाला मारतात तशी. मागून, बाजूने, खालून. "पुढून तर कुणीबी चांगलंच दिसतं," म्हणायची. मग मांडी घालून बसायची, मांडीवर फळी, आणि अंगात आल्यासारखी रेघ सुरू. दगडांना नावं ठेवायची. एका टेकडीवर मोठा दगड लहान दगडाच्या डोक्यावर बसला होता, ती सासू-सून. "सून कोणती?" मी विचारलं. "खालची. पण बघ, सून सरकली तर सासू कुठं जाईल?" मी त्या दिवशी घरी जाऊन सासूबाईंना नमस्कार केला. त्या घाबरल्या.

एका रविवारी आम्ही एका गावाबाहेर, आता ते शहरातच आलंय, एका लांबलचक उतरत्या दगडापाशी बसलो होतो. एवढ्यात एक गाडी थांबली, मग दुसरी. पांढऱ्या कपड्यांतली, हातात दोन-दोन मोबाइल घेतलेली माणसं आमच्याभोवती गोळा झाली. दोन मध्यमवयीन बाया, मांडीवर फळी, डोळा बारीक करून जमिनीकडे बघताहेत! जमिनीच्या दलालांना दुसरं काय वाटणार? एकाने पळत जाऊन शहाळी आणली.

"मॅडम, रोड किधर से जारा?" हळूच, कानाशी येऊन.

कुमुदताईने मान वर केली नाही. "रोड का मालूम नहीं. सूरज उधर से जारा. जरा बाजू हटो."

"मॅडम, मजाक नक्को. सर्वे है ना?"

"हौ, सर्वे है. पत्थर का."

"पत्थर?" त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आपको पत्थर होना? पत्थर तो फुकट में ले जाओ, मॅडम. हम लोगां तो फोड़ने का पैसा देरे."

कुमुदताईने तेव्हा वर बघितलं. मग शहाळ्यात स्ट्रॉ खुपसली आणि म्हणाली, "थोडा ठैर के फोड़ना, भाई. मेरा आधा बाकी है."

शहाळी पिऊन आम्ही आलो. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा दगडाला ड्रिलची भोकं पडलेली होती. त्या दिवशी ती पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. दगड जायच्या आत तिने तो पुरा करून घेतला.

संक्रांतीला तिच्या घरी हळदीकुंकू होतं. सगळ्या बायकांना वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. माझी पाळी आली तर माझ्या ओटीत वर्तमानपत्रात बांधलेली फळी. तोच उतरता दगड. "तू बाटली धरलीस," ती म्हणाली, "म्हणून तुला." मी "अय्या, किती छान!" म्हटलं आणि वाट्यांकडे बघत बघत घरी आले. खरंच सांगते, वाट्या सुरेख होत्या. चित्रात मात्र नुसता दगड! ना एखादा मोर, ना कृष्ण, ना घागर घेतलेली बाई. चित्र कपाटामागे गेलं.

फेब्रुवारी गेला, मार्च आला. तिच्या घरी चित्रांची थप्पी वाढत होती आणि परका माणूस काही येत नव्हता. एका छोट्या प्रदर्शनात तिने चार चित्रं लावली. बघायला आले ते सगळे बिरादार सरांचे विद्यार्थी. आले, नमस्कार करून गेले. कुमुदताई हसायची, पण आता रस्त्यात थांबायची नाही. सुलतान बाजारातून सरळ चालायला लागली होती. ते मला बघवेना.

मग माझ्या हुशारीने डोकं वर काढलं. माझा मावसभाऊ अरविंद जालन्याहून कामाला आला होता. त्याला मी खादीचा कुडता घातला, "पुण्याहून आलो, चित्रं जमवतो, प्रदर्शनात बघितलं होतं" एवढं पाठ करून घेतलं आणि कुमुदताईकडे पाठवलं. तासाभराने फोन वाजला.

"मालू, तुझं नाक आलं होतं," कुमुदताई म्हणाली.

"काय?"

"तुझं नाक गं. मधे टेंगूळ, शेंड्याला किंचित डावीकडं. एकाच ट्रेसिंगवरून काढलेली दोन नाकं मला ओळखू येणार नाहीत व्हय? भला माणूस आहे. पोहे खाऊन गेला. पुन्हा असं करशील तर बोलणार नाही तुझ्याशी."

अरविंद परत आला तो खूश. "मालूताई, बाईंना काही म्हणजे काही कळलं नाही!"

तर या सगळ्यानंतर एप्रिल आला, ऊन तापलं, आणि मी कूलरची फट बुजवली. शपथेवर सांगते, माझ्या मनात काही उदात्त नव्हतं. धूळ होती.

एका रविवारी सकाळी मी दारात भाजी निवडत होते. एक साठीचे गृहस्थ स्कूटरवरून चालले होते, पांढरा शर्ट, पुढे पिशवीत दोडके. पुढे गेले, आणि स्कूटर वळवून परत आले. आमच्या खिडकीखाली उभे. कूलरचं पाणी टप टप त्यांच्या खांद्यावर पडतंय, आणि ते हलत नाहीत. मी म्हटलं, आला भांडायला! आमचा कूलर गळतो अशी गल्लीत आधीच बोंब होती. मी पदर खोचला, कुणाचा कूलर गळत नाही, तुमचा गळत नाही का, असं सगळं जुळवलं आणि बाहेर आले.

ते वळले. डोळे भरलेले.

"अम्मा," त्यांनी खिडकीकडे बोट केलं, "अदि मा जारुडु बंडा!"

म्हणजे, तो आमचा घसरगुंडीचा दगड! मला इतपत तेलुगू येतं. मी पदर सोडला. त्यांचं नाव यादगिरी, बाजारात भांड्यांचं दुकान. त्या दगडाशेजारच्या गावात लहानाचे मोठे झालेले. दगड फोडला तेव्हा त्यांना पत्ताच नव्हता. दसऱ्याला गावी गेले तर तिथे पत्र्याचं कुंपण.

"किसने बनाया? मुझे होना. ये मुझे होना, अम्मा."

होना म्हणजे पाहिजे, पण मला आधी समजलंच नाही. आणि समजलं तेव्हा असं काही झालं की हातातली मेथी तशीच गल्लीत सांडली. "अहो!" मी आत बघून ओरडले, "अहो, कूलर काढा! फट काढा! चित्र काढा!" हे अर्धी दाढी झालेले बाहेर आले. त्यांना वाटलं, शॉक लागला.

चित्र सोडवलं, पुसलं, पदरात धरलं, आणि मी ऑटोत बसले. मागे यादगिरी स्कूटरवर, पुढे दोडके. मी ऑटोवाल्याला दर सिग्नलला सांगत होते, "भैया, जरा जल्दी," आणि तो म्हणत होता, "आपा, उड़ के जाऊं क्या?"

कुमुदताई सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर राहायची. गॅलरीत बसून ब्लेडने कसला तरी रंग खरवडत होती. मी धापा टाकत यादगिरींची हकीकत सांगितली. तिने यादगिरींकडे बघितलं. आधी नाकाकडे. मग माझ्याकडे.

"नाक बदललंस," मराठीत म्हणाली. "आता तेलुगू माणूस धरून आणलास. मालू, मी बजावलं होतं तुला."

"अगं, देवाशप्पथ! हे खरंच परके आहेत!"

"परके तुझ्या घरी कसे? माझं चित्र त्यांना दिसलं कुठं? तुझ्या कपाटामागं?"

आता काय सांगू! कूलर म्हणायला जीभ रेटेना. मी गप्प. माझं गप्प बसणं बघून तर तिची खात्रीच पटली. ती उठली, पुन्हा ब्लेड घेऊन गॅलरीत बसायला निघाली. रजेचा शेवटचा महिना राहिला होता, आणि खराखुरा माणूस दारात उभा, आणि माझ्याच आधीच्या शहाणपणामुळे ती त्याला घालवून देणार! मला रडू फुटायचंच बाकी होतं.

पाठ फिरवूनच तिने विचारलं, "अच्छा. इतना मालूम है तो बोलो, पत्थर के पीछे क्या था?"

चित्रात दगडाची पुढची बाजू होती. मागची बाजू बघायची संधी मिळालेल्या दोघीच, ती आणि मी. आणि मी ती बघितलीच नव्हती, मी बाटली धरून सावलीत बसले होते.

"पीछे?" यादगिरी हसले. "पीछे पोचम्मा थी, अम्मा. छोटा सा गड्ढा, उसमें हल्दी-कुंकुम. बाजू में नीम का झाड़. हम लोगां फिसल-फिसल के चड्डी फाड़ लेते थे, फिर वहीं देवी के पास छुप के बैठते. घर गए तो माँ मारती ना."

कुमुदताई वळली. ब्लेड हळूच कठड्यावर ठेवलं. कितीतरी वेळ ती त्या माणसाकडे बघत राहिली, बोट न फिरवता.

"हौ," ती म्हणाली. "पोचम्मा थी." मग माझ्याकडे वळून, एकदम लहान आवाजात, "मालू, हा तुझा माणूस नाही."

"तेच तर मघापासून सांगतेय!"

आणि मग तिचं लक्ष चित्राच्या कोपऱ्याकडे गेलं. तिने त्या अर्धचंद्रात बोट घातलं.

"हे काय?"

"पाइप," मी म्हटलं.

"कसला पाइप?"

मी एका दमात सगळं ओकून टाकलं. फट, धूळ, पुठ्ठा, करवत, सोज्वळ बाजू, सगळं. पहिलं हसू फुटलं ते आतल्या खोलीतून. ज्या बिरादार सरांनी वर्षभर हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, ते पोट धरून हसत होते. मग कुमुदताई हसत हसत खालीच बसली. यादगिरींना काही कळलं नाही, पण तेही हसायला लागले, दोडक्यांची पिशवी हातात तशीच.

"ये नक्को," डोळे पुसत ती त्यांना म्हणाली. "ये इसका वाण है. वाण वापस नहीं लेते. आपके लिए बड़ा बनाती, पूरा पत्थर, नीम का झाड़ भी. आपके दुकान की दीवार कितनी है? माप बोलो."

त्या "माप बोलो"मध्ये काय होतं, मला लिहून दाखवता येत नाही. वर्षभर तिने असा आवाज काढला नव्हता. जिन्यातून खाली उतरले तर मला वाटलं, मलाच कुणीतरी नोकरीतून सोडवलंय.

राजीनामा मीच टाइप केला. ती टेबलाच्या काचेला शेवटचा डबा लावून बसली होती. ती सही करायला लागली तसं मी तिचं मनगट धरलं. माझ्यातली ती व्याख्यान देणारी मालती शेवटचं एकदा जागी झाली. "कुमुदताई, विचार कर. हे काही खरवडता येणार नाही."

तिने शाईचं पेन झटकलं. "माहीत आहे की. म्हणून तर हात शिवशिवायलाय!" आणि अशी सही ठोकली की शाई माझ्या साडीवर उडाली. तो डाग अजून आहे.

पुढे ती फार मोठी झाली का? पेपरात वगैरे तिचं नाव येत नाही. काही वर्षं ओढगस्तीची गेली, तिने मुलांचे क्लास घेतले, लग्नपत्रिकांवर गणपती काढले आणि त्या गणपतींनाही दगडावर बसवलं. पण यादगिरींच्या दुकानात तांब्या-पातेल्यांच्या वर तो जारुडु बंडा लागला. तो बघून त्यांच्या गावचे लोक आले, मग दुसऱ्या गावचे, आपापले गेलेले दगड सांगत. कुणाचा लपायचा, कुणाचं लग्न जिथे ठरलं तो, कुणाचा बापाबरोबर बसायचा. ती ऐकायची आणि आधी एकच विचारायची, "पीछे क्या था?" माझं चित्र आता आमच्या बैठकीत आहे, अर्धचंद्रासकट, रंगवलेली बाजू आत. पाहुण्यांना आवडो न आवडो.

गेल्या महिन्यात कोठीत प्लायवूडच्या दुकानापाशी ती दिसली. सत्तरी उलटलेली, केस पांढरेशुभ्र, आणि भर गर्दीत थांबून हवेत बोट फिरवतेय! मी धावत गेले. तिचा हात आता थोडा थरथरतो. मला वाईट वाटलं ते तिने बघितलं असणार. "रेघ हलायली आता," ती म्हणाली. "बरंच झालं. माझे दगड आधी नुसते उभे असायचे, आता निघाल्यासारखे दिसायलेत." तिच्याबरोबर एवढी मोठी हार्डबोर्डची फळी होती की ऑटोत मावेना. शेवटी ती आत बसली आणि फळी बाहेर, रस्त्यावर, पंख फुटल्यासारखी. मागचे हॉर्न वाजवत होते, ऑटोवाला कुरकुरत होता. ऑटो सुटला, आणि तिने त्या फळीवरून मान बाहेर काढून, सगळ्या कोठीला ऐकू जाईल असं ओरडून मला सांगितलं,

"मालू, औंदा खिडकीचं माप कळव गं! आणि पाइपाचं भोक मीच पाडून देते, तुझ्या नवऱ्याला करवतीला हात लावू देऊ नको!"